मंत्रीसाहेब, गोळ्या गादीखाली सापडल्या

माननीय आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

पत्रबित्र लिहायची सवय नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करते तसंच लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात म्हणे, पण तो शब्द आमच्या आईला अजून उच्चारता येत नाही, ती नुसतं 'त्याचा त्रास' म्हणते आणि आता आम्ही सगळेच तसं म्हणतो.

बारा वर्षं झाली. पहिलं दीड वर्ष देवऋषी, उतारे, अमावस्या यात गेलं, मग सरकारी दवाखान्यात आलो. तिथे गोळ्या फुकट मिळतात आणि गोळ्यांनी तो झोपायला लागला, जेवायला लागला, हे आधीच कबूल करते. गोळ्यांच्या जोडीला पेशंटशी बसून बोलणारं माणूसही द्या, एवढंच मागायला लिहितेय; गोळ्या सोडा आणि नुसतं बोला असं सांगणारं हे पत्र नाहीये. तसं सांगणारा एक शहाणा आम्हाला भेटला होता, त्याचं ऐकून तीन महिन्यांत पोराला अ‍ॅडमिट करायची पाळी आली.

पण ओपीडीत काय होतं ते ऐका. सकाळी सहाची एसटी, मग केस पेपरची लाइन, मग डॉक्टरांची लाइन, आणि अकरा-साडेअकराला आत गेलो की झोप लागते का, जेवतो का, गोळ्या चालू ठेवा, पुढची तारीख. तीन मिनिटं. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर ऐंशी माणसं असतात, ते तरी काय करणार. दवाखान्याचं नाव म्हणूनच लिहीत नाही. पण शेजारच्या खोलीवर 'मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी आहे आणि खोलीला कुलूप आहे, मी बघतेय तेव्हापासून.

मग तीन वर्षांपूर्वी उसनेपासने करून शहरात बोलून उपचार करणाऱ्या एका मॅडमकडे नेलं, एका वेळचे हजार रुपये. पहिल्या दोन वेळा तो काही बोललाच नाही, मला वाटलं पैसे पाण्यात. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, आवाज साधारण किती वाजता येतात? साहेब, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी फक्त 'असं काही नसतं रे, मनाचे खेळ आहेत' म्हणत होते. तो म्हणाला, संध्याकाळी, पाण्याची मोटर चालू झाली की. मोटरच्या घरघरीत त्याला शेजारच्यांचं बोलणं ऐकू यायचं, त्याच्याबद्दलच, घाण घाण. मॅडमनी ते खोटं आहे असं पटवायचा प्रयत्न केला नाही. तेव्हा काय केलं की बरं वाटतं एवढंच शोधत बसले दोघं. आता मोटर लागली की तो कानात क्रिकेटची कॉमेंट्री लावून चक्कर मारायला जातो. आवाज गेलेले नाहीत. पण आता तो येऊन सांगतो, ताई, चालू झालं बघ, आणि मी चहा ठेवते.

आणि त्याच मॅडमकडे बाहेर आलं की तो चार महिने गोळ्या घेतच नव्हता. वजन अठरा किलो वाढलं होतं, हात थरथरायचे, मित्र हसायचे, म्हणून गोळ्या गादीच्या फाटलेल्या कोपऱ्यात. आम्हाला सांगायची सोय नव्हती, कारण आम्ही ओरडलो असतो. हो, ओरडलोच असतो. मॅडमनी आम्हालाही समोर बसवलं, घरात सतत टोचून बोलणं, आरडाओरडा असला की आजार उलटायची शक्यता वाढते हे समजावलं, आई त्या दिवशी खूप रडली. मग डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली. आता मला सांगा, सरकारच्या पैशाच्या त्या गोळ्या गादीत पडल्या त्याचा हिशोब कुठल्या रजिस्टरला आहे?

हे फक्त आमच्या घरचं नाही. इंग्लंडच्या सरकारी गाइडलाइनमध्ये या आजारात गोळ्यांच्या जोडीला किमान 16 बैठका पेशंटबरोबर आणि 10 घरच्यांसकट द्याव्यात असं लिहिलंय. तुम्ही म्हणाल इंग्लंडचं आम्हाला काय सांगता, तर आपल्या साताऱ्याचं सांगते. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे मिळून 282 पेशंटवर कोप्सी नावाचा अभ्यास झाला, 2014 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. गावपातळीवरच्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन वर्षभर पेशंटच्या घरी पाठवलं, पेशंटशी बोला, घरच्यांशी बोला, गोळ्यांचं बघा, कामाला लागायला मदत करा. नुसत्या दवाखान्याच्या उपचारापेक्षा फरक पडला. फार मोठा नाही, हेही सांगते, उगाच फुगवून सांगायला मला कुणी पैसे दिलेले नाहीत. पण थोडा फरक म्हणजे काय ते घरात असा माणूस असल्याशिवाय कळत नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, माहितीये, अडीनडीला चांगलाच आहे, पण हे सहा-आठ महिने एकाच माणसासमोर बसायचं काम आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात शरीराच्या आजाराइतकीच सोय मनाच्या आजाराला हवी असं स्पष्ट आहे. मोडलेल्या हाताला प्लास्टर करून फिजिओथेरपीच्या खोलीला कुलूप लावलं तर लोक बोंब मारतील की नाही?

मागणी मोठी नाहीये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद कागदावर आहेच, ते भरा, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नको, पोरगं जरा मोकळं व्हायला लागतं तेवढ्यात माणूस बदलतो. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन जणांना साताऱ्यासारखं ट्रेनिंग द्या. आणि ओपीडीच्या रिपोर्टमध्ये किती गोळ्या वाटल्या याच्या शेजारी किती जणांशी अर्धा तास बोललो असा एक रकाना टाका.

पुढच्या मंगळवारी आमची तारीख आहे. मी जाताना त्या कुलपाचा फोटो काढणार आहे, तुमच्या ऑफिसला पाठवते.

तुमची,
एका पेशंटची ताई