जेवणाच्या कोरीव खुर्च्यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फर्निचर शोरूम, कोल्हापूर

विषय : ६ खुर्च्यांची पाठ व उंची दुरुस्त करून मिळणे अथवा खुर्च्या परत घेणेबाबत

महोदय,

आपल्याकडून आम्ही सागवानी डायनिंग टेबल आणि ६ कोरीव खुर्च्या घेतल्या. लाकूड उत्तम, पॉलिश उत्तम, कोरणाऱ्याचा हात तर फारच उत्तम. तक्रार फक्त बसण्याची आहे.

खुर्चीच्या पाठीवर मोर आहे. तो खांद्यांच्या वर असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण त्याची चोच बरोबर मणक्यावर येते आणि टेकलं की रुतते. म्हणून माणूस पुढे सरकतो, तर बैठकीची कड मांडीला काचते. कारण खाली सिंहाचे पंजे बसवण्याच्या नादात बैठक २१ इंचांवर गेली आहे. जेवणाची खुर्ची साधारण १७-१८ इंचांची असते, हे आपल्या सुतारांना मी सांगायला नको. सासूबाईंचे पाय अधांतरी राहतात. पाटावर बसून जेवणं झेपेना म्हणून खुर्च्या आणल्या, आता त्यांच्या पायांखाली तोच पाट असतो.

शिवाय खुर्चीचे वळणदार हात टेबलाच्या कोरीव पट्टीला अडतात. खुर्ची आत जातच नाही. इतक्या लांबून तांबडा रस्सा ओरपून बघा एकदा! पाहुण्यांचे शर्ट आम्ही धुऊन दिलेत. पिसाऱ्याच्या खाचांत साचणाऱ्या धुळीबद्दल मी बोलत नाही. नक्षी घेतली की ब्रश आलाच.

शोरूममध्ये या खुर्च्या चौथऱ्यावर होत्या आणि समोर ‘कृपया बसू नये’ अशी पाटी होती. तेव्हा वाटलं, पॉलिश जपताहेत.

फोन केल्यावर आपल्या माणसाने सांगितलं, “मॅडम, हा डिझायनर पीस आहे,” आणि परदेशी खुर्चीचा फोटो पाठवला. ती स्कॉटिश वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिन्टॉशची शिडीसारख्या उंच पाठीची खुर्ची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या ‘हिल हाउस’च्या बेडरूमसाठी केलेली, पांढऱ्या भिंतीपुढे काळी उठून दिसावी म्हणून. तिच्यावर बसून कुणी रोज जेवत नव्हतं. आमच्या बिलावर मात्र ‘डायनिंग चेअर, ६ नग’ असं स्वच्छ लिहिलं आहे.

मला साधी खुर्ची हवी होती असं नाही. इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या घ्या. तो घाट युरोपातल्या थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याच्या १८५९ च्या खुर्चीचा. तिच्यात ६ लाकडी भाग, कोरीव काम शून्य, तरी बघत राहावी अशी. पण मला नक्षी आवडते, म्हणून तर जास्त पैसे मोजले. जुने कारागीर ती माथ्याच्या पट्टीवर, हातांच्या टोकांवर, पुढच्या पायांवर करत. पाठ टेकते तिथे लाकूड गुळगुळीत आणि जरा मागे कललेलं ठेवत. आपल्या खुर्चीची पाठ सरळसोट, भिंतीसारखी आहे.

तरी मोर वर घेऊन खालची पाठ सपाट किंवा वेताची करून द्यावी, पाय कापून बैठक १८ इंचांवर आणावी. पंजे गेले तरी चालतील. जमत नसेल तर खुर्च्या नेऊन त्यांची रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन.

टेम्पोबरोबर दोन माणसं धाडा. जिना अरुंद आहे आणि पंजे कठड्यात अडकतात.

आपली,
एक ग्राहक, राजारामपुरी

सोबत : बिलाची प्रत, मापांसह फोटो