बाहीचा लाल काठ

नाशिक,
१७ ऑगस्ट

प्रिय मंगल,

"शेवटी 'हो'च म्हणाली ना? मग इतकी वर्षं नाही-नाही कशाला?" 'द रेड स्लीव्ह' या कोरियन मालिकेतल्या दॉगिमबद्दल, राजाला नाकारत राहिलेल्या त्या दासीबद्दल, एवढं बोलून तू कुकर बंद करायला गेलीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून चार दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. भाजी चिरताना, गच्चीत फेऱ्या मारताना. काल घरातून विचारणा झाली, "कुणाशी बोलतेयस?" म्हटलं, आता लिहूनच काढावं. शिवाय त्या दॉगिमला माफीनाम्याचे कागदावर कागद खरडताना बघून माझाही हात शिवशिवत होता. निवृत्त झाल्यापासून सही सोडली तर मी काही लिहिलेलंच नाही.

आधी एक कबूल कर. सतराच्या सतरा भाग तू दीडपट वेगानं पाहिलेस. 'द रेड स्लीव्ह' तशी बघायची मालिका नाही गं. तिच्यात माणसं बोलतात त्यापेक्षा जास्त थांबतात. ते थांबणंच पळवलंस तर उरतं काय? राजा, दासी आणि दोघांचं तळ्यात पडणं.

तळ्यात पडणं मलाही आवडलं, ते सोड. युवराज सान स्वतःच्या ग्रंथालयात आपण साधे अधिकारी असल्याचं सोंग घेऊन बसतो आणि दॉगिम त्याच्या तोंडावरच युवराजाच्या नावानं बोटं मोडते, तिथे मी इतकी हसले की चहा सांडला. त्या दोघांची कामं करणारे ली जुन्हो आणि ली से-यंग दोघंही छान. पण खरा खाऊन टाकतो तो म्हातारा राजा, सानचा आजोबा योंगजो. ली डॉक-ह्वा नावाचा नट आहे. एका वाक्यात नातवावर माया, पुढच्या वाक्यात डोळ्यांत असं काही येतं की वाटतं, आता हा याचाही जीव घेईल. आणि ती भीती उगाच नाही, कारण मुलाचा त्यानं घेतलाच होता.

ते प्रकरण तू नक्की पळवलं असणार, म्हणून सांगते. १७६२ च्या उन्हाळ्यात योंगजोनं आपल्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत कोंडलं. वर झाकण, भर उकाडा. आठव्या दिवशी तो गेला. वय सत्तावीस. तलवार नाही, विष नाही, म्हणजे मुलाला राजद्रोही ठरवून मारल्याचा डाग नातवाच्या गादीला लागू नये. नातू, म्हणजे सान, तेव्हा दहा वर्षांचा. बाबांना सोडा म्हणून तो आजोबांपुढे गयावया करत होता आणि त्याला तिथून उचलून नेलं. सादोच्या बायकोनं, म्हणजे सानच्या आईनं, हे सगळं पुढे म्हातारपणी लिहून ठेवलंय. ते वाचताना मला शनिवारवाडाच आठवला. नारायणरावाचा खून १७७३ चा, अकरा वर्षांचंच अंतर. तिकडे मूल आजोबांना विनवतंय, इकडे काकाला. दोन्हीकडे नात्याचं माणूस समोर उभं आहे आणि उपयोग शून्य.

असं मूल, सान, पुढे राजा होतं, जोंगजो या नावानं. १७७६ मध्ये गादीवर बसल्या बसल्या दरबाराला सांगतो, मी सादो युवराजाचा मुलगा आहे. इतकी वर्षं जे नाव घ्यायची चोरी होती ते पहिल्याच दिवशी घेतलं. मला तो आवडतो, मंगल. तुला वाटतं तसं मी त्याच्याविरुद्ध नाही.

पण आता तुझा प्रश्न. सतरा भाग दोनदा पाहिल्यावर कान थोडा तयार होतो. दॉगिम दासी असताना स्वतःला 'सोइन' म्हणते. म्हणजे लहान माणूस, क्षुद्र माणूस. राजाची उपपत्नी झाल्यावर ती 'सिन्चोप' म्हणायला लागते, म्हणजे महाराजांची सेवक-पत्नी असं काहीतरी. खाली इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही वेळा नुसता 'आय'. आपल्याकडे निदान जुन्या पत्रांत 'चरणरज' वगैरे असायचं, त्यावरून कल्पना कर. लग्नानं तिला मोठं केलं असं आपण समजतो, आणि तिच्या तोंडचा 'मी' मात्र एकातून निघून दुसऱ्या चाकरीत गेला. आधीच्या चाकरीत निदान पगार होता!

इथेच तर सगळं आहे. मालिकेच्या मूळ कोरियन नावाचा अर्थ 'बाहीचा लाल काठ'. राजवाड्यातल्या दासींच्या बाहीला तो असायचा, ही राजाची बाई हे सांगणारा. लहानपणी आत घ्यायच्या, पुढे त्यांचा एक विधी व्हायचा, अंबाडा, नवे कपडे, सगळं लग्नासारखं, फक्त नवरदेव नाही. (मला खंडोबाची मुरळी आठवली. तुलना फार ताणत नाही.) म्हणजे मालकी राजाचीच. पण त्या मालकीच्या आत दॉगिमनं काय काय जमवलं होतं ते बघ. स्वतःचं काम. सुंदर अक्षर, कादंबऱ्यांच्या नकला करून आणि बायकांना गोष्टी वाचून दाखवून वर मिळणारे चार पैसे. आणि तीन मैत्रिणी, एका खोलीत, एका ताटात. अक्षराची गोष्ट खरी आहे बरं का. १७७३ मध्ये राजकन्यांबरोबर बसून तिनं एका मोठ्या कादंबरीची नक्कल केली होती, तिचं नाव त्यावर आहे.

हे सगळं सोडून काय मिळणार? एक खोली आणि संध्याकाळी कुणाची तरी वाट बघणं. शेवटच्या दोन भागांत ती बसलेलीच दिसते. आधीचे पंधरा भाग ती धावत असते, हे तुझ्या लक्षात आलं का?

मला आपला ऑफिसातला डबा आठवला. शैला ऑफिसर झाली तेव्हा आपण तिघींनी पेढे वाटले, आणि मग ती केबिनमध्ये जेवायला लागली. तिची चूक नव्हती, पायंडाच तसा होता. पण ठेचा कधी आणला तर दारातून डोकावून म्हणायची, "थोडा ठेवा गं मला." प्रमोशनच होतं ते, कोण नाही म्हणणार? मी मात्र नाही म्हटलं आणि वर्षभर जो तो विचारत होता, "घरून परवानगी नाही का?" मला फक्त त्या टेबलावरून उठायचं नव्हतं. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्याएवढं मोठं ते वाटायचंच नाही. दॉगिमलाही राजाला नेमकं हेच समजावून सांगता येत नाही. त्याला वाटतं, नकारामागे काही मोठं कारण असणार, दुसरा पुरुष तरी नाहीतर द्वेष तरी. इतक्या लहान गोष्टीसाठी कुणी राजाला नाकारेल, हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही.

आणि आता मालिकेवरचा माझा राग. जोंगजोनं तिच्या मृत्यूनंतर तिचा समाधिलेख स्वतः लिहिला. त्यात तो सांगतो की १७६६ मध्ये त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती रडली. राणीला अजून मूल नाही, अशात मी येऊ शकत नाही म्हणाली. त्यानं ऐकलं. पंधरा वर्षांनी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा नाही म्हणाली. मग त्यानं तिच्या नोकराला शिक्षा केली, तेव्हा ती आली. हे त्यानं स्वतःच्या हातानं, शोकात, लिहिलंय. तुझा तो 'हो' हा असा आहे, मंगल. मालिकेनं हा काटा बराच बोथट केलाय, राजाला इतकं देखणं आणि हळवं केलंय की तुझ्यासारखी शहाणी बाईसुद्धा म्हणते, मग नाही-नाही कशाला. शिवाय मधले भाग त्या दासींच्या गुप्त मंडळाच्या कटकारस्थानात घालवले, धनुष्यबाण, पळापळ. आणि जिथे खरं जगणं होतं ती शेवटची वर्षं धाडधाड उरकली. तिथे मात्र दीडपट वेग त्यांनीच लावला.

तरी उरकता उरकताही त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. यंगही आठवते ना, चौघींतली गरीब मुलगी? पहारेकऱ्यावर जीव लावला म्हणून तिला देहदंड होतो. दॉगिम राजाची लाडकी असून वाचवू शकत नाही. कायदा कायदा आहे, तो म्हणतो, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर खोटंही नाही. त्याआधी मूल गेलेलं. खऱ्या इतिहासातही १७८६ साल असंच. तिचा मुलगा, छोटा युवराज, गोवरानं गेला, आणि काही महिन्यांत पोटातल्या बाळासह ती. राजानं दोघांना जवळजवळ ठेवलं होतं, सोलमध्ये. जपानी अमलात १९४४ मध्ये दोन्ही थडगी तिथून हलवली आणि नव्या जागी मायलेकरं एकमेकांपासून लांब पडली. मूळ जागी आता बाग आहे, ह्योचांग नावाची.

मरताना ती कुणाला बोलवते, पाहिलंस? राजा धावत येतो आणि ती मैत्रिणींना बोलवा म्हणते. त्याचा चेहरा बघ तेव्हा. मग सांगते, पुढच्या जन्मी मी दिसले तर ओळख न दाखवता जा. तो विचारतो, जराही प्रेम नव्हतं का? ती म्हणते, खरंच नको असतं तर कसंही करून पळून गेले असते, हे अजून कळलं नाही का?

मला यात 'होतं' असं सरळ उत्तर ऐकू येत नाही. 'नव्हतं' असंही नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तो तिचे दासीपणीचे कपडे काढतो, लाल काठाची ती बाही हातात घेतो, आणि म्हणतो की किती लहान होती ही. मी तिथे रडले, लपवत नाही. अगदी शेवटी, स्वप्न की मरण कळत नाही अशा जागी, तो तिला विनवतो, माझ्यावर प्रेम कर. कोरियनमध्येही ते आज्ञार्थीच आहे गं. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला विनवणीही तशीच येते.

तिची बाजू तिच्या हातची कुठेच नाही. दुसऱ्यांच्या गोष्टी उतरवून काढणाऱ्या बाईनं स्वतःबद्दल एक ओळ ठेवली नाही, किंवा ठेवली असेल तर कुणी जपली नाही. आपल्याकडे आहे ते सगळं त्याचं. तेव्हा ती 'हो' म्हणाली हे तुला कुणी सांगितलं? त्यानंच.

नवरात्रात येतेयस ना? शैलालाही बोलावलंय. सतरावा भाग पुन्हा बघू, साध्या वेगानं. ठेचा तू कर, माझ्या हातचा हल्ली मिळमिळीत होतो.

तुझी,
वसू

ता. क. मोठ्या दासीचं, म्हणजे सो बाईंचं काम करणारी ती 'पॅरासाइट' सिनेमातली आई आहे. दोन दिवस डोकं खाजवत होते, कुठे पाहिलंय, कुठे पाहिलंय.