दप्तर आधी कुणाचं तपासलं जातं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत कुणाला त्रास झाला की चौकशी दोघांची होते, देणाऱ्याची आणि सोसणाऱ्याची. बघत उभा राहिलेला वर्ग सुटतो. मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझं ठाम मत आहे की त्रास वाढणार की थांबणार, हे त्या बघणाऱ्यांवरच ठरतं.

आमच्या भागात पारधी वस्त्या आहेत. वर्गात काही हरवलं की पहिलं नाव तिथल्या मुलांचं येतं. गेल्या पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलीची सहलीसाठी आणलेली पाचशेची नोट सापडेना. बाई वर्गावर येण्याआधीच पोरांनी वस्तीवरच्या मुलाचं दप्तर फरशीवर उपडं केलं. वह्या, डबा, शाळेतून मिळालेली पुस्तकं, सगळं. नोट पुढे त्या मुलीच्याच भूगोलाच्या वहीत निघाली. तोवर तो मुलगा घरी निघून गेला होता. त्याला परत आणायला आठवडा लागला.

नंतर मी मुलांशी एकेकट्याने बोलले. बहुतेकांचं उत्तर एकच, "बाई, मला ते पटलं नव्हतं." मग बोलला का नाहीस? "मधे पडलो असतो तर मलाबी पारधी म्हणून चिडवलं असतं." एक मुलगी सरळ म्हणाली, "आमच्या वाडीतला असता तर बोलले असते." म्हणजे चूक काय हे मुलांना कळतं. पण आपल्या टोळक्याबाहेर पडायची भीती त्याहून मोठी असते, आणि समोरचा 'आपल्यातला' नसला तर गप्प बसणं सोपं जातं.

बोलला फक्त एक जण. त्याने वह्या गोळा केल्या आणि सांगितलं, "ह्यो मधल्या सुट्टीत माझ्यासंग मैदानावर व्हता." दोघे शाळेच्या खो-खो संघात एकत्र खेळतात, सकाळी सरावाला बरोबर येतात. तो इतरांपेक्षा धीट आहे असं मला वाटत नाही. तो त्या मुलाला ओळखत होता, बाकीचे फक्त त्याच्या जातीचं नाव ओळखत होते.

हे नाव मुलं घरातूनच आणतात. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. तरी गावात चोरी झाली की संशय आधी वस्तीवर जातो, आणि मुलं ते बघतच वाढतात.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात मानसशास्त्राच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी नव्वदच्या दशकातच दाखवलं की अशा प्रसंगात जवळजवळ सगळ्या वर्गाची काही ना काही भूमिका असते: कुणी साथ देतं, कुणी हसतं, कुणी बाजूला सरकतं, थोडे मदतीला जातात. तिथल्या शाळांचा असा त्रास रोखण्याचा कार्यक्रम याच पायावर उभा आहे. आपल्याकडे मात्र तक्रारपेटी लावली की काम झालं. लहान शाळेत अक्षर कुणाचं हे सगळ्यांना कळतं, त्यात चिठ्ठी टाकणार कोण?

शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. एकट्या मुलाची झडती सगळ्यांसमोर घेणं हा तोच छळ आहे. मग ती झडती पोरं घेवोत की शिक्षक. ती बंद झालीच पाहिजे. वाड्या-वस्त्यांप्रमाणे बसणारे बाक मोडा, खेळाचे, प्रयोगाचे, परिपाठाचे गट मुद्दाम मिसळून करा, आणि वर्षभर तेच राहू द्या. दोन दिवसांच्या उपक्रमाने ओळख होत नाही. काही घडलं तर जे नुसते बघत होते त्यांच्याशीही बोला, शिक्षा करायला नव्हे, पुढच्या वेळी काय करता येईल हे ठरवायला.

येत्या 31 ऑगस्टला, म्हणजे तो कायदा संपल्याच्या आठवणीत पाळल्या जाणाऱ्या विमुक्त दिनी, वस्तीवरच्या शिकलेल्या तरुणांना परिपाठात बोलवावं असा प्रस्ताव मी आमच्या मुख्याध्यापकांपुढे ठेवला आहे. पालकांनाही त्याच दिवशी बोलवायचं आहे. तालुक्यातल्या इतर शाळांनीही हे करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक शिक्षिका
ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर