मालिकेचे बिऱ्हाड हलवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या विनोदी मालिकांचा विषय निघाला की 'यावर आता चित्रपट यायला हवा' असे कोणी ना कोणी म्हणतेच, आणि मराठी घरांत अशा वेळी पहिले नाव निघते ते 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या ही माणसे २००१ पासून अल्फा मराठी वाहिनीवरून आमच्या घरी नेमाने येत असत, आणि आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत कित्येकांना टिपऱ्यांच्या घरची खबरबात शेजारच्या घरापेक्षा जास्त ठाऊक असे. अशा मालिकेवर चित्रपट निघाला तर पहिल्या दिवशी तिकीट काढणाऱ्यांत मी असेन. तरीही विनोदी मालिकेचा चित्रपट करताना एक चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे. ती इंग्लंडमध्ये झाली, हिंदीत झाली, आणि मराठीत होऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ती चूक म्हणजे बिऱ्हाड हलवणे. विनोदी मालिका एका जागेवर उभी असते. एक दिवाणखाना, नाहीतर एक कचेरी, तिथली ठरलेली चार-पाच माणसे आणि त्यांच्या कधीच न मिटणाऱ्या लहानसहान कुरबुरी, एवढ्यावर तिचा संसार चालतो. अर्ध्या तासात काहीतरी घडते, पण शेवटी सगळे जिथे होते तिथेच येऊन बसतात, आणि पुढच्या वेळी आपण भेटायला जाऊ तेव्हा ते तसेच भेटावेत एवढीच आपली अपेक्षा असते. चित्रपटाचे गणित नेमके उलटे आहे. तिथे दोन तासांत माणसांना कुठून तरी निघून कुठेतरी पोहोचावे लागते. शिवाय निर्मात्याला एक धास्ती असते, की घरबसल्या जे फुकट पाहिले तेच पाहायला लोक पैसे का मोजतील? मग पडदा मोठा म्हणून गोष्टही मोठी हवी असे ठरते, आणि दिवाणखान्यातली माणसे परदेशात, बंदुकांत आणि कटकारस्थानांत नेऊन सोडली जातात.

काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे लेस्टरला राहत होते. तिथे शनिवारी संध्याकाळी बीबीसीवर 'डॅड्स आर्मी' ही जुनी मालिका पुन्हा दाखवत असत, ती मी पाहू लागले. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेल्या या मालिकेचे १९६८ ते १९७७ या काळात ८० भाग झाले. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना फौजेत घेता येत नव्हते अशी गावातली माणसे, त्यातही बहुतेक म्हातारीकोतारी, 'होम गार्ड'मध्ये भरती होऊन गावाचे रक्षण करू पाहतात, एवढाच तिचा विषय. बँकेचा मॅनेजर मॅनरिंग हा तुकडीचा कॅप्टन, बँकेतला त्याचा दुय्यम विल्सन हा सार्जंट आणि तिथलाच पोरगेला कारकून पाइक हा शिपाई. मी स्वतः ३१ वर्षे बँकेत काढली असल्यामुळे, इंग्रजी उच्चार पुरते कळत नसतानाही, मॅनेजर आणि दुय्यम यांच्यातली धुसफूस मला पहिल्याच संध्याकाळी कळली. विल्सन वरच्या घराण्यातला, महागड्या शाळेत शिकलेला, पण हाताखालचा. मॅनरिंग कष्टाने वर आलेला, खुर्चीवर बसलेला, पण विल्सनच्या सहज, ऐटदार वागण्यापुढे आतून खट्टू होणारा. अशी जोडी आमच्या शाखेतही होती.

१९७३ सालच्या एका भागात पकडलेले जर्मन पाणबुडीतले खलाशी चर्चच्या सभागृहात ठेवलेले असतात. आपला अपमान करणाऱ्यांची नावे त्यांचा कप्तान एका वहीत टिपत असतो, युद्ध जिंकल्यावर हिशेब चुकते करण्यासाठी. पाइक हिटलरची टर उडवणारे गाणे म्हणतो. कप्तान त्याला नाव विचारतो, आणि नाव सांगू नकोस असे पाइकला बजावण्याच्या घाईत मॅनरिंगच त्याचे नाव घेऊन मोकळा होतो. हा प्रसंग घडायला काय लागले? एक खोली, एक वही आणि मॅनरिंगचा उतावळेपणा वर्षानुवर्षे ओळखणारे प्रेक्षक. ही मालिका स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे, त्यामुळे हशा पुरता येऊ द्यायचा आणि तो ओसरू लागला की पुढचे वाक्य घ्यायचे, हे त्या नटांच्या अंगवळणी पडले होते.

तिच्यावर दोन चित्रपट निघाले. १९७१ च्या चित्रपटात मुख्य नट मालिकेतलेच होते. २०१६ साली मात्र जवळजवळ संपूर्ण नव्या नटसंचात, ऑलिव्हर पार्कर यांच्या दिग्दर्शनाखाली, दुसरा चित्रपट आला. टोबी जोन्स आणि बिल नाय हे दोघेही कसलेले नट, त्यांच्या कामाला नावे ठेवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण कथेत कॅथरीन झीटा-जोन्स यांच्या रूपाने शत्रूची एक देखणी हेर आणली गेली आणि साऱ्या तुकडीचे लक्ष, तसेच प्रेक्षकांचेही, तिच्याकडे गेले. याहूनही मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. मालिकेत मॅनरिंगची बायको नऊ वर्षांत एकदाही दिसत नाही. ती आपल्याला कळते ती नवऱ्याच्या टेलिफोनवरच्या दबक्या उत्तरांतून, आणि एका भागात तर फक्त वरच्या बिछान्याला तिच्या वजनाने खाली आलेल्या पोकावरून, ज्याच्याखाली मॅनरिंग अंग चोरून पडलेला असतो. प्रत्येक घराने आपापल्या मनात ती बाई रंगवली होती. २०१६ च्या चित्रपटाने तिला गणवेशात समोर उभी केली. नटीने काम चोख केले, पण लाखो घरांतल्या लाखो मॅनरिंगबाई त्या क्षणी नाहीशा झाल्या. मालिकेने झाकून ठेवलेले चित्रपटाने उघडे करू नये, हा साधा संयम तिथे सुटला.

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात अशा चित्रपटांची रीघच लागली होती. भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर या कंपनीने १९७१ साली 'ऑन द बसेस' या मालिकेवर चित्रपट काढला, तो जोरात चालला, आणि पाठोपाठ आणखी दोन निघाले. त्यांतल्या शेवटच्या चित्रपटात बसवाले सुट्टीच्या छावणीत जाऊन पोहोचले. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' ही मालिका एका मोठ्या दुकानाच्या कपडे विभागात घडते, तर १९७७ च्या चित्रपटात दुकानातली सगळी मंडळी स्पेनला सहलीला निघतात. दुकान गेले आणि त्यासोबत गिऱ्हाइकेही गेली. मग त्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे तरी कशाबद्दल?

हिंदीत 'खिचडी'चे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ साली स्टार प्लसवर सुरू झालेल्या या मालिकेत पारेखांचे एकत्र कुटुंब आहे, आणि तिचा प्राण म्हणजे हंसाने एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारावा आणि प्रफुलने तो गंभीरपणे, पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा सांगावा. सुप्रिया पाठक आणि राजीव मेहता यांना यासाठी बसायला जागा आणि भरपूर रिकामा वेळ लागतो. घाईत असलेली माणसे शब्दांचे अर्थ विचारत बसत नाहीत. आतिश कपाडिया यांनी दिग्दर्शित केलेला २०१० चा पहिला चित्रपट हंसाचा भाऊ हिमांशू याच्या प्रेमप्रकरणावर बेतलेला होता. त्यातला घोळ घरातला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांतला होता, म्हणून तो ताणलेला वाटला तरी आपला वाटला. २०२३ च्या दुसऱ्या चित्रपटात याच कुटुंबाला एका काल्पनिक देशात कामगिरीवर धाडले गेले. इंग्लंडमध्ये हेर आणि इथेही कामगिरी! दोन देशांतल्या, दोन वेगळ्या माणसांना एकाच वळणावर तोच मोह व्हावा, यावरून तो किती पक्का आहे हे दिसते. 'ऑफिस ऑफिस'वरचा २०११ चा चित्रपट या बाबतीत जास्त प्रामाणिक होता, कारण पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल तिथेही सरकारी टेबलांसमोरच उभा होता. कागदोपत्री मृत ठरलेल्या माणसाने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे, ही अडचण मालिकेच्या जातकुळीचीच होती. फक्त एका भागाचा ऐवज दोन तासांवर पसरल्यामुळे तो विरळ झाला.

बिऱ्हाड न हलवताही चित्रपट होतो, याचा पुरावा १९७९ सालच्या 'पॉरिज'मध्ये आहे. ही मालिका तुरुंगातली. रॉनी बार्कर यांनी उभा केलेला फ्लेचर हा मुरलेला कैदी आणि गॉडबर हा त्याच्या कोठडीतला कोवळा सोबती. चित्रपटात काहीतरी मोठे घडायला हवे, म्हणून लेखकांनी तुरुंगातून पलायन घातले खरे, पण असे, की हे दोघे इच्छा नसताना बाहेर ओढले जातात आणि मग पकडले जाण्याआधी गुपचूप परत तुरुंगात शिरण्याची धडपड करतात. म्हणजे सारी कथा त्या कोठडीकडे परत येण्याची झाली. चित्रीकरणासाठी आगीमुळे रिकामा झालेला चेल्म्सफर्डचा खरा तुरुंग वापरला. जागा तीच, अडचण थोडी मोठी, आणि माणसे जशीच्या तशी. मला याहून चांगला धडा माहीत नाही.

त्याच वर्षी, १९७९ मध्ये, मराठीत 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट आला. मी तेव्हा गिरगावात चाळीत राहत होते आणि शाळेत होते. मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' लागायचे तेव्हा आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता, सरकत्या लाकडी दारांचा, कृष्णधवल. ज्यांचा तो होता त्या काकू दारे सरकवायच्या आधी 'चपला बाहेर' असे दरवेळी सांगत. आम्ही पोरे फरशीवर, मोठी माणसे पलंगावर, उरलेली गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून उभी. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ दिसले की तीस माणसे एकदम हसत. चित्रपटाला आम्ही त्याच सगळ्यांबरोबर गेलो. गुंड्याभाऊ पडद्यावर येताच, त्याने तोंड उघडण्याआधीच, थिएटर हसले ते मला अजून आठवते. सातशे माणसांना एकाच वेळी तोच माणूस ओळखीचा असतो, ही मालिकेवरच्या चित्रपटाची खरी कमाई आहे. आज मालिका मोबाइलवर एकेकट्याने, कानात बोळे घालून पाहिली जाते, तेव्हा तर ती अधिकच मोलाची. म्हणूनच मी 'चित्रपट करू नका' असे म्हणत नाही.

चिमणरावांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती, तीही नोंदवावीशी वाटते. चिं. वि. जोशींचे हे मानसपुत्र कागदावर जन्मले. १९४० साली 'लग्न पाहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ, आणि जवळपास चार दशकांनी वेगळ्या चेहऱ्यांनाही लोकांनी तितकेच आपले म्हटले. पुस्तकातल्या माणसाला चेहरा बदलता येतो. मालिकेने घडवलेल्या माणसाला ते फार जड जाते, आणि 'डॅड्स आर्मी'च्या नव्या संचाला ते जडच गेले. टिपऱ्यांचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. त्यांचा उगम प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकात, पण आबा म्हटले की चेहरा दिसतो तो त्यांचाच. आज प्रभावळकरांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. ज्यांना असा चित्रपट करावासा वाटत असेल त्यांनी आधी त्यांना, आणि ती मालिका दिग्दर्शित करणाऱ्या केदार शिंदे यांना भेटावे, आणि त्या दोघांची मनापासून तयारी नसेल तर नकली आबा उभे करण्यापेक्षा तो बेत सोडून द्यावा.

तयारी असेल, तर माझी सूचना एवढीच आहे, की दोन तासांची एक ताणलेली गोष्ट न रचता तीन छोट्या गोष्टी घ्याव्यात. 'अनुदिनी' हे मुळात टिपरे कुटुंबीयांच्या रोजनिश्यांच्या रूपात लिहिलेले आहे, तेव्हा तीन गोष्टी तीन वेगळ्या माणसांच्या रोजनिशीतून याव्यात, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला ठाऊक नसावे. यात विनोदाला आपोआप जागा मिळते, आणि कोणाला विमानात बसवावे लागत नाही. संकलनाच्या टेबलावर शेवटचा हात फिरवण्याआधी तो चित्रपट एखाद्या लहान गावातल्या सभागृहात तीन-चारशे लोकांना दाखवावा, आणि ते जिथे हसतील तिथे पुढच्या वाक्याआधी थोडी जागा ठेवावी. फार तर आबांना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ द्यावे, पण रात्रीच्या जेवणाला ते घरी परतलेले दाखवावेत.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)