घरमालकाला माहीत आहे का?

चि. रेणू,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलायली नाहीस म्हणून लिहायले. रागवायला नाही. सिनेमाबद्दल लिहायचंय.

येळवशीच्या सणाला आलीस तेव्हा आपल्या टीव्हीत तुझं नेटफ्लिक्स तसंच राहिलं. त्यात 'द प्रॉम' अर्ध्यात थांबवलेला दिसला. अप्पा शेतात गेले की मी तीन दुपारी बसून संपवला. खालची पट्टी वाचून होईपर्यंत गाणं पुढं पळतं, मग परत मागं घ्यायचं. बी.ए.ची इंग्रजी पस्तीस वर्षांनी कामाला आली बघ.

तुमच्या घरमालकाला माहीत आहे का गं? हे आधी कळव.

तर सिनेमा. लई हसले, खोटं कशाला बोलू. न्यूयॉर्कचे नट, स्वतःचं नाटक पडलं म्हणून नाव सुधरवायला इंडियानातल्या एका गावात जाऊन धडकतात. म्हणे पोरीला न्याय द्या. त्यातली मेरिल स्ट्रीप तर फोटोवाला सोबत घेऊन पूर बघायला येणाऱ्या पुढाऱ्यासारखीच. त्या पोरीला, एमाला, एवढंच पाहिजे की शाळेच्या नाचाच्या समारंभाला आपल्या मैत्रिणीसोबत जावं. पालकांची समिती समारंभच रद्द करते. पुढं भरवते, पण सगळी पोरं दुसरीकडं आणि ही सजून रिकाम्या हॉलमध्ये एकटी. तिथं मी टीव्ही बंद केला आणि ज्वारी निवडत बसले.

समितीची मुख्य ती मिसेस ग्रीन. वाईट नाही बाई ती. नीटनेटकी, सगळं लेकीच्या भल्यासाठी करणारी. एमाची मैत्रीण म्हणजे हिचीच लेक, आणि हिलाच पत्ता नाही. मीही शाळा व्यवस्थापन समितीत सहा वर्षं होते. गॅदरिंगला कोण काय होणार ते मीच ठरवायची. सातवीत तुला पेंद्या व्हायचं होतं. रडलीस, तरी मी तुला गवळणच केलं. डोक्यावर माठ घेऊन सगळा वेळ माझ्याकडंच बघत होतीस. फोटो आहे कपाटात. परवा काढून पाहिला, काजळ गालावर आलंय.

मालकानं विचारलं तर मावसबहीण आहे म्हणून सांगत जा. पुण्यात काय आणि लातुरात काय, लोक लोकच असतात. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, मधेच मोडलं तर कुणाला विचारणार? पगारातले थोडे पैसे बाजूला टाक, फिरण्यात घालू नको, आणि ऑफिसात हे सगळ्यांना सांगत बसायची काय गरज आहे...

बघ, सुरू झाले मी. माफ कर. मावसबहीण म्हणू नको. लपवायचं मीच शिकवायले की तुला.

एक सांगते, सिनेमात फार सोपं दाखवलंय. मॉलमध्ये एकजण शेजारधर्मावर गाणं म्हणतो आणि तेवढ्यात सगळी पोरं सुधारतात. आपल्याकडं नाथमहाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं पोर कडेवर घेतलं, त्याला चारशेच्या वर वर्षं झाली. भावकी अजून तिथंच. ही गोष्ट तुला झोपवताना मीच सांगायची. आणि त्या रात्री तू असं नातं गुन्हा नाही म्हणणारं २०१८ चं सुप्रीम कोर्ट सांगायलीस, ६ सप्टेंबर तारखेसकट, तर मी काय म्हणाले? कोर्ट आपल्या भावकीत राहत नाही.

अप्पांसमोर तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी तुझ्या वयात त्यांच्यापुढं भूक लागली म्हणायलाही लाजायची. पोटात गोळा आला होता माझ्या, आणि तरी मनात म्हणत होते, बोलली बाई! दादाच्या सोयरिकीचं आत्या काय म्हणतील ते म्हणतील, त्यात तू पडू नको.

एमाला आईबापानं सोळाव्या वर्षी घराबाहेर काढलं, आजीनं सांभाळलं. असली कसली माणसं, म्हणाले मी मोठ्यानं. घरात कोणी नव्हतं. आपण तर काढलं नाही ना तुला? "साडेनऊची ट्रॅव्हल्स मिळंल अजून," एवढंच मी म्हणाले. डबासुद्धा भरून दिला. भज्जी, उंडे. दुपारी रस्त्यानं चाललेल्या अनोळखी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून शेतातल्या कोपीपुढं जेवायला बसवलं होतं अप्पांनी, तो तर दोनदा आंबील प्याला. आणि तुम्ही दोघी अंधारात फाट्यापर्यंत चालत गेलात. बॅटरी द्यायची राहिली. कडी मी लावली.

घरमालकाचं मी सारखं विचारते ते यासाठीच. रात्री पोरींना कोणी बाहेर काढलं तर कुठं जातील, हा विचार पहाटे तीनला येतो, मग झोप नाही. अॅग्रीमेंटवर दोघींची नावं आहेत का? नसतील तर घालून घे.

अप्पा काही बोलत नाहीत. फक्त काल हात धुताना म्हणाले, "त्या पोरीला तिखट सोसत नव्हतं का?"

ट्रॅव्हल्सवाल्याकडं येसर मसाला दिलाय. सकाळी सहाला स्वारगेटला उतरून घे, उशीर केलास तर तो पुढं घेऊन जातो. दोन पुड्या आहेत. लाल दोऱ्याची तुझी. पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत मिरची निम्मीच घातलीय.

तुझी,
आई