छपरासाठी मदत हवी आहे, आणि १९९४ ची वहीसुद्धा

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या गच्चीवरच्या आपल्या वेधशाळेचे सरकते छप्पर आता सरकेनासे झाले आहे. रूळ गंजले, पत्र्याला दोन ठिकाणी भोके पडली आणि गेल्या श्रावणात दुर्बिणीवर बादली धरून बसायची पाळी आली. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थरही कडेने उडाला आहे. पैसे हवेत, हे सरळच सांगतो. पण ही वेधशाळा उभी कशी राहिली, तेही एकदा लिहून ठेवायला हवे. आज गच्चीवर येणाऱ्या मुलांना ते ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांची वये झाली.

एप्रिल १९८६. हॅलेचा धूमकेतू पाहायला मंडळी रात्री पुण्याच्या वेताळ टेकडीवर जमली. दक्षिणेला, फारसा उंच नाही, कापसाच्या बोळ्यासारखा एक पुसट डाग दिसला. लांबलचक शेपटी पाहायला आलेले हिरमुसले, थर्मासमधला चहा संपवून खाली उतरले. जे मागे राहिले त्यांनी मंडळ काढले. हॅले परत येणार २०६१ मध्ये, तोवर वाट कोण पाहणार?

तयार दुर्बीण परवडणारी नव्हती, म्हणून दुर्बिणीत भिंगाचे काम करणारा आरसा घरीच घासायचे ठरले. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची, म्हणजे काच घासणाऱ्या कठीण पदार्थाची पूड आणि पाणी. खालची चकती पिंपावर पक्की बसवायची, वरची पुढे-मागे घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचे. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. ८० नंबरच्या भरड पुडीपासून सुरुवात, मग बारीक, आणखी बारीक, शेवटी राळेवर सेरियम ऑक्साइडचे पॉलिश. अख्खा पावसाळा यात गेला. एवढे करून मधोमध खोली किती, तर जेमतेम १.२ मिलिमीटर! तपासणी दाढीच्या पात्याने. आरशावरून परतणारा उजेड पात्याच्या धारेने अडवला की काचेतले चढउतार सावल्यांसारखे उमटतात. एकाने आरशावर जरा वेळ अंगठा टेकवला, तर तेवढ्या उबेनेही तिथे टेंगूळ आलेले दिसले. खालची चकती अजून आहे. पावतीपुस्तकावर वजन म्हणून ठेवतो.

छपराची खोली नंतरची. लोखंडी फाटकाची चाके, जुन्या बाजारातले अँगल आणि सुट्टीच्या दिवशी फुकट वेल्डिंग करणारा एक सभासद. खोलीची गोष्ट एवढीच.

नोंदवह्या मात्र पहिल्या दिवसापासून आहेत. शंभर पानी, पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण दवाने शाई फिसकटते. टॉर्चला लाल जिलेटिन लावून लिहायचे, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. कित्येक पानांवर तारखेपुढे एकच शब्द आहे: ढग. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हाही इथे भर पावसाळा. तरी एका रात्री पाऊण तास आभाळ फाटले आणि गुरूवरचे काळे डाग आपल्या सहा इंची आरशात दिसले. त्या रात्रीची चित्रे ज्या वहीत काढली होती, नेमकी तीच वही कुणीतरी ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेली.

वेधशाळा उभी राहून बंद पडणे पुण्यात आधीही झाले आहे. १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांची देणगी, डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली २० इंची दुर्बीण आणि ती चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्या कॉलेजवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? आमची सहा इंची त्यापुढे काहीच नाही, पण निदान ती गावात राहावी.

पत्रे, रूळ, वेल्डिंग आणि आरशावर नवा थर मिळून १,४०,००० रुपयांचा अंदाज आहे. ५० रुपयेही चालतील, पावती मिळेल. आयकर सवलतीचे प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पैसे जमत नसतील तर रंगकामाला एक रविवार द्या. पत्रे मृगाआधी चढायला हवेत. जुने फोटो, निगेटिव्ह, पत्रके असतील तर आणा, स्कॅन करून तिथल्या तिथे परत देऊ. दर शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ गच्चीखालच्या खोलीत कुणी ना कुणी असते.

आणि १९९४ ची वही ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती नुसती दारावरच्या पत्रपेटीत टाकली तरी चालेल. कोण, कधी, काहीही विचारणार नाही.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते