मॉरिशसला गेलेल्या लेकास

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

विमानतळावर तुझी आणि बाबांची पुन्हा जुंपू नये म्हणून मी गप्प राहिले. चालती नोकरी सोडून कादंबरीपायी मॉरिशस गाठणं त्यांच्या पचनी पडायला वेळ लागेल. माझी काळजी वेगळी आहे, पण ती लिहायची नाही असं ठरवलंय.

अमिताव घोषांची 'सी ऑफ पॉपीज' ही कादंबरी संपवली. गाझीपूरच्या अफूच्या कारखान्याचा भाग दोनदा वाचला. तिथल्या साहेबाने १८६५ मध्ये कारखान्यावर पुस्तक लिहिलं, घोषांनी त्याचाच आधार घेतला, हे तूच सांगितलंस. पण घोषांच्या कारखान्यातून दीती चालते, कामावर कोसळलेल्या नवऱ्याला न्यायला आलेली. कमरेइतक्या अफूत गोल गोल फिरणारे उघडे मजूर तिला पिशाच्चांसारखे वाटतात. साहेबाच्या वहीत हे कुठून येणार?

तिथे धुळीने माणसं शिंकतात. वाचताना मला तुझी छाती आठवली. मॉरिशसमधल्या मोकाच्या संस्थेतली ती जुनी रजिस्टरं, करारावर मजुरीला नेलेल्या गिरमिटियांची उंची, गाव, अंगावरच्या खुणा, सगळं धुळीतच असणार. पंप खिशात ठेव, बॅगेत नको. बघ, लिहिलंच शेवटी.

गणपतीत आजोळच्या माळ्यावरचं दप्तर उपसून तू रात्रभर धापा टाकत होतास. मामाने गाडी काढली, चिपळूणला पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि तुझ्या मुठीत मात्र तो मोडीतला कागद. बाबांनी अजून जपून ठेवलाय तो. मी सांगितलं म्हणू नकोस.

एक सांगू? आपल्या माणसांना देव करू नकोस. कादंबरीत मजुरांना मॉरिशसला नेणाऱ्या जहाजावर छळणारा सुभेदार भैरोसिंग आपल्याकडचाच. पुढच्या भागातला बहराम मोदी तर मुंबईचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, त्यावर इथल्या पेढ्या गबर झाल्या. कोकणातून माणसं भरून देणारा दलालही मराठीतच गोड बोलला असेल. गोऱ्यांना शिव्या घालणं सोपं, त्या दलालाचं घर लिहून दाखव. त्याचीही आई असेल, तिला पैसे कुठून येतात ते ठाऊक असेल.

माफ कर, वर्गात उभी असल्यासारखी बोलायला लागले. तुला हे माझ्याआधी सुचलं असेल. लिहिशील चांगलंच, त्याची शंका नाही.

मास्क लावतोस ना? तिथे दवाखान्यात फ्रेंच बोलतात म्हणे. दम्याला काय म्हणतात ते आधी विचारून ठेव, कादंबरी नंतर.

तुझी,
आई